साडेआठचं आकाश

“खाली बघून रंग कालवायचा नाही, कोबी. आधी वर बघायचं. पोटभर बघायचं. मग कालवायचा.”

मास्तरांचा आवाज इतका कानाशी आला की तिचा हात माउसवरून आपसूक उचलला गेला. समोरच्या मोठ्या स्क्रीनवर एक संध्याकाळ अर्धवट पसरलेली होती. कुठल्याशा कंपनीच्या वार्षिक समारंभात भाषणं करणाऱ्यांच्या पाठीमागे ती अकरा मिनिटांत मावळणार होती, आणि मग पुन्हा पहिल्यापासून. तिने नुकताच भगव्यात थोडा करडा मिसळला होता, म्हणजे एक पट्टी बोटभर डावीकडे सरकवली होती. खोलीला एकच खिडकी होती आणि तिला काळा पडदा ठोकलेला होता, कारण बाहेरचा उजेड आत आला की स्क्रीनवरचे रंग खोटे दिसतात असा तिथला नियम. शेजारच्या टेबलावरचा प्रमुख वयाने तिच्यापेक्षा सहा वर्षांनी लहान होता आणि मनाने वाईट नव्हता. तो म्हणाला, “मॅडम, काही बोललात का?” “नाही.” “मग झकास चाललंय. फक्त ढग कमी करा, कंपनीच्या नावावर येतायत.” तिने ढग कमी केले. एक बटण दाबलं की ते कमी होत. मग तिची नजर घड्याळाकडे गेली. सकाळचे साडेआठ. मास्तरांना जाऊन एकवीस दिवस झाले होते, पण हाताला ते अजून कुणी सांगितलं नव्हतं. या वेळेला तो रोज फोनकडे निघायचा आणि अर्ध्या वाटेवर थबकायचा. आज तो असा थबकला, आणि फोनच वाजला. पलीकडे मास्तरांची मुलगी होती. “कामात आहेस का गं?” “नाही ताई, बोला ना.” “बाबांची एक वही आहे कपाटात. म्हणजे अक्षर माझंच आहे, पण वही तुझी म्हणायची. येऊन घेऊन जा. लाँड्रीतली माझी पाळी आज दुपारीच संपते.” तिने विचारलं, कसली वही? “आकाशाची,” ताई म्हणाल्या. “तू सांगायचीस ना, ती.”

त्यानंतर दिवसभर तिने काय केलं ते तिला सांगता आलं नसतं. अकरा मिनिटांची संध्याकाळ पुरी झाली एवढं खरं. मावळणारा सूर्य कुठल्या बाजूला ठेवायचा यावर ऑफिसातल्या दोघांचा वाद झाला, तेव्हा तिने मान डोलावली, दोघांकडेही. मनात मात्र ती नाट्यगृहाच्या माथ्यावरच्या त्या लांबोळक्या खोलीत उभी होती, जिथे रंगात घालायचा सरस उकळल्याचा वास बारा महिने भिंतींना चिकटलेला असे. मास्तर नाटकांचे पडदे रंगवायचे. जंगल, राजवाडा, बंदर, गल्ली, काय लागेल ते; पण आकाश रंगवावं तर त्यांनीच, असं नाटकवाले म्हणत. पडदा जमिनीवर अंथरलेला असायचा, तीस पावलं लांब, आणि बांबूला बांधलेला ब्रश धरून त्याच्यावर अनवाणी चालत, उभ्याने रंगवायचं. दाराशी बादली आणि तांब्या. पाय धुतल्याशिवाय आकाशावर पाऊल टाकायचं नाही. नाटकाचा मालक जरी आला तरी मास्तर त्याला दाराशी उभा करत: “आधी पाय धुवा. वर जाताय.” ती बाविसाव्या वर्षी चित्रकलेची पदवी आणि काखेत मोठी फाइल घेऊन तिथे गेली. पहिल्याच आठवड्यात तिने जीव ओतून ढग काढले. मास्तर त्यांच्या कडेने एक फेरी मारून आले, कमरेवर हात ठेवून बराच वेळ उभे राहिले आणि म्हणाले, “कोबी छान आलाय यंदा.” सगळे हसले. तीही हसली आणि मग जिन्यात जाऊन रडली. नाव मात्र तिला कायमचं चिकटलं. पुढे तिचे ढग सुधारले, इतके की मास्तर लांबून स्वतःचे समजून त्यांच्यावर हात फिरवायला जात, पण नाव सुधारलं नाही.

त्यांचा एक नेम होता. रोज सकाळी चहाच्या आधी हाताच्या पंजाएवढ्या कार्डावर त्या दिवशीचं आकाश रंगवायचं. दहा मिनिटं, फार नाही. मागे तारीख. ताप असो, लग्न असो, मयत असो. एकतीस वर्षांची कार्डं बुटांच्या खोक्यांत रचलेली होती, आणि ती कुणाला दाखवायची नसत. “दाखवायला काढलं की आपण आकाशाला सजवायला लागतो,” ते म्हणत. “हे नुसतं हजेरी लावणं आहे. आपली हजेरी, त्याच्याकडे.” तिच्या आईचाही नेम होता: सकाळी खिडकीशी हात जोडून दोन मिनिटं डोळे मिटून उभं राहायचं. तिने एकदा मास्तरांना ते सांगितलं तेव्हा ते म्हणाले, “तेच आहे. ती मिटून बघते, आपण उघडून.” आईला हे काही पटलं नव्हतं. आईचं म्हणणं एवढंच, की शिकलेली मुलगी पायाला रंग फासून घरी येते आणि नाटकाच्या माहितीच्या कागदावर तिचं नाव छापतात ते मुंगीच्या डोळ्याएवढं. “पडद्यापुढे तरी जा, नाहीतर पडदा सोडून तरी दे,” आई म्हणायची. तरी नाटकाचा तो घडीचा कागद आईने डब्यात जपून ठेवला होता, आणि पाहुणे आले की मुंगीचा डोळा बोटाने दाखवायची.

मग नाट्यगृहाने मोठी स्क्रीन घेतली. कुणी कुणाला हाकललं नाही; फक्त पडद्यांची कामं यायची थांबली. सहा महिने खोलीत जुनेच पडदे गुंडाळणं आणि उलगडणं चाललं. त्याच सुमाराला मास्तरांची नजर जाऊ लागली. काचबिंदू. कडेकडेने मिटत आली, दोन्ही बाजूंनी पडदा ओढत आणावा तशी, आणि मधली फट दर महिन्याला थोडी अरुंद. शेवटी शेवटी ते कार्डावर निळा लावत तो कार्डाबाहेर टेबलावर जात असे, आणि ताई टेबल पुसून घेत. एका सकाळी त्यांनी ब्रश धुतला, फडक्याने कोरडा केला आणि तिच्या हातात दिला. म्हणाले, “माझा नेम मोडू देऊ नकोस. तू काढ आणि मला सांग. मी ऐकेन. साडेआठला फोन कर, तोवर माझा चहा झालेला असतो.” “नक्की मास्तर.” “नक्की म्हणू नकोस. कर.” पण ती नक्की म्हणालीच होती. ते वय नक्की म्हणायचंच होतं.

आणि तिने केलं. एक वर्ष आणि वर काही महिने. गच्चीवर जायची, कार्ड रंगवायची, फोन लावायची. रंगाच्या भाषेत सांगायची, कारण त्यांना तीच दिसत होती: खाली पिवळ्या मातीचा हलका हात, त्यावर ओल्यातच पांढरा, डावीकडे जांभळट राख. ते मधेच अडवत. “राख कोरडी की ओली?” “ओली.” “मग पाऊस नाही, दव.” त्या दहा मिनिटांत त्यांचे डोळे तिच्या डोळ्यांत येऊन बसत, आणि तिला वाटे, आपण कुणीतरी आहोत. दिवसाच्या उरलेल्या वेळात तसं वाटायची सोय नव्हती. शिकवण्या होत्या, दुकानांच्या पाट्या होत्या, एका पुस्तकाचं मुखपृष्ठ होतं ज्याचं पुस्तकच आलं नाही. म्हणून ही नोकरी आली तेव्हा तिने ती दोन्ही हातांनी घेतली. तिथेही आकाशंच करायची होती. मास्तरांना सांगितलं तेव्हा ते इतके खूश झाले की त्यांनी ताईंना हाक मारली, “ऐकलंस का, आपल्या कोबीला आकाशाच्या कचेरीत घेतलं!” आकाशाच्या कचेरीत आठला हजर व्हावं लागे. गच्चीवरची दहा मिनिटं आधी पाच झाली, मग बसच्या खिडकीतून बघणं झालं, मग एक दिवस बसमध्ये उभं राहावं लागलं आणि समोर फक्त माणसांच्या पाठी होत्या. साडेआठला तिने फोन लावला. “मास्तर, आज करडं. मध्ये एक उजळ चीर.” चीर नव्हती. निदान तिने पाहिली नव्हती. बोलून झाल्यावर छातीत धडधडलं, चोरी केल्यासारखं. दुसऱ्यांदा कमी धडधडलं. नेम मोडला म्हणून काही आकाश कोसळत नाही, हेच वाईट. कोसळलं असतं तर माणूस सावध झाला असता.

तिला सांगता छान येत होतं, ही त्यातली सगळ्यात कडू गोष्ट. त्यांनीच शिकवलेले शब्द होते, त्यांनीच धार लावलेला कान होता; ती ऑफिसच्या बोळात पाण्याच्या यंत्राशी उभी राहून डोळे मिटायची आणि आकाश जुळवायची. कधी कधी खऱ्यापेक्षा सुंदर. मग तो धुराचा दिवस आला. त्या दिवशी काम अंगावर आलेलं असल्याने ती पहाटेच्या काळोखातच येऊन बसली होती. साडेआठला बोळात उभी राहून तिने सांगितलं, “आज ढग औषधाला नाही, मास्तर. वर गडद निळा, आणि खाली येता येता पाणी मिसळत जावं तसा फिका.” पलीकडे चहाचा कप बशीत ठेवल्याचा आवाज. “निळा कुठला घेतलास?” “आपला नेहमीचाच.” “हं. कार्ड वाळलं?” “वाळलं.” “बरं. जेवत जा वेळेवर.” संध्याकाळी बाहेर पडली तर रस्त्यावर लोक नाकाला रुमाल लावून चालले होते. नदीपलीकडचं प्लास्टिकचं गोदाम उजाडताना पेटलं होतं आणि अजून जळत होतं. थांब्यावरचा एकजण म्हणाला, अहो, सकाळपासून सूर्य दिसला नाही की! ती तिथेच बाकावर बसली. एक बस गेली, दुसरी गेली. मास्तरांना दिसत नव्हतं, पण वास तर येत असणार. ताईंनी खिडक्या लावल्या असणार. सगळ्या शहराला ठाऊक होतं, तिच्याखेरीज. उद्या कबूल करू, असं तिने ठरवलं. दुसऱ्या दिवशी साडेआठला मास्तर नेहमीच्याच आवाजात म्हणाले, “बोल कोबी, आज काय?” आणि कबुलीऐवजी तिने गुलाबी सांगितलं. कदाचित खिडक्या बंद असतील, सर्दी असेल, विसरले असतील. माणूस स्वतःला किती कारणं पुरवतो, आणि तीही बसल्या जागी. त्यानंतर पाच महिने ती रोज खोटं आकाश सांगत राहिली. भेटायला मात्र गेली नाही. फोनवर तोंड लपतं.

ताईंच्या घरात पाऊल टाकताना तिने सवयीने दाराशी बादली शोधली. ताई लाँड्रीत कामाला होत्या, त्यांच्या हातांना वाफेचा आणि साबणाचा वास असायचा. त्यांनी तिला खुर्चीवर बसवलं, मास्तरांच्या नव्हे, समोरच्या. चहा दिला. “वाळलीस गं,” म्हणाल्या. मग जाड पुठ्ठ्याची वही तिच्या मांडीवर ठेवली. डाव्या पानावर तारखा आणि तिचे शब्द, ताईंच्या गोल अक्षरात. “तू सांगायचीस, बाबा ते मला सांगायचे, मी लिहायची. म्हणायचे, कार्डं तिच्याकडे साठतायत, शब्द आपल्याकडे असू देत.” पहिलं दीड वर्ष उजवी पानं कोरी होती. धुराच्या दिवसापाशी तिचा हात थांबला. डावीकडे: ढग औषधाला नाही, गडद निळा, खाली फिका. आणि उजवीकडे, त्याच अक्षरात: राखेचं. समोरची गच्ची दिसत नाही. दोरीवरचे कपडे परत धुवावे लागणार. दुसऱ्या दिवशी डावीकडे गुलाबी. उजवीकडे: नीळ जास्त झालेल्या चादरीसारखं. पुढे: पिळून न झटकता टाकलेलं. पुढे: काही नाही, तारेवर दोन कावळे. पुढे: एका कडेला इस्त्री फिरल्यासारखं सपाट. ती पानं उलटत गेली. पाच महिने. दोन्ही पानं समोरासमोर, रोज, एकही दिवस न चुकता.

“मला कुठे बघता येतं आकाश,” ताई ओशाळून म्हणाल्या. “त्या धुराच्या दिवशी तुझा फोन ठेवला आणि म्हणाले, जरा खिडकीतून बघ गं, काय आहे ते सांग. मग रोजच. मी आपली दिसेल ते सांगायची. हसायचे मला. म्हणायचे, धुण्याबाहेर जाईल तर शपथ! पण लिही म्हणायचे.” ताईंनीच पुढे सांगितलं, टेबलावरचा चहाचा डाग पुसत, तिच्याकडे न बघता. “मी चिडले होते गं तुझ्यावर, खोटं कशाला सांगू. म्हटलं, बाबा, ती तुम्हाला थापा मारते, एकदा विचारून टाका ना तोंडावर. तर म्हणाले, नको. विचारलं तर ती खरं बोलेल, आणि मग लाजेने फोन करायची नाही. थापेपुरतं का होईना, दिवसातून एकदा तिच्या तोंडी आकाश येतं. तेवढं राहू दे.” ताईंनी फडक्याची घडी घातली. “आणि एकदा म्हणाले, थाप चांगली मारते हो. हात शिकलाय. बघायचं तेवढं विसरलीय, ते येईल परत.”

तिने शेवटचं लिहिलेलं पान काढलं. डावीकडे: पहाटे गुलाबी, आता दुधाळ. तो फोन तिला लख्ख आठवला. पलीकडून नुसता श्वासाचा आवाज येत होता आणि तिला वाटलं होतं लाइन खराब आहे. बैठक होती, म्हणून तिने भरभर सांगून टाकलं होतं. मास्तर काहीच बोलले नव्हते. मग ताईंचा आवाज आला होता, “ऐकलं त्यांनी, ठेव आता,” आणि तिला सुटल्यासारखं वाटलं होतं. सुटल्यासारखं! “रात्रीपासून धाप लागली होती,” ताई म्हणाल्या. “मीच कानाला धरला फोन. ऐकताना मान हलवली त्यांनी. दुपारपर्यंत संपलं सगळं. संध्याकाळी मी तेवढं लिहून ठेवलं.” उजवं पान कोरं होतं. तिने त्या कोऱ्या पानावरून बोट फिरवलं, काही उमटलंय का बघावं तसं. “त्या दिवशीचं...” “नाही गं,” ताई म्हणाल्या. “मी त्यांच्याकडेच बघत होते.” म्हणजे त्या दिवशीचं आकाश कुणीच पाहिलं नव्हतं. एकतीस वर्षं आणि त्यावरचे सगळे दिवस, आणि नेमका तो दिवस तिच्या भरवशावर होता. पुढे बसमध्ये तिने फोनवर त्या तारखेचं हवामान शोधलं. अंशतः ढगाळ, असं लिहिलं होतं. अंशतः म्हणजे कुठे? डावीकडे की उजवीकडे? ओलं की कोरडं? मास्तरांनी विचारलं असतं.

निघताना ताई दारापर्यंत आल्या. चप्पल घालायला ती वाकली तेव्हा वरून त्यांचा आवाज आला, मागताना संकोचणाऱ्या माणसाचा. “एक सांगू? साडेआठ वाजले ना, की घर खायला उठतं. मी लाँड्रीतून रजा घेऊन बसले होते आठवडाभर, तर फोनकडेच बघत बसायची. आज म्हणून तर तुला त्याच वेळेला केला. तू करत जा ना. मला रंगबिंग कळत नाही, पण ऐकायची सवय लागलीय. वहीत अजून पानं आहेत.” मग त्या थांबल्या, आणि अगदी मास्तरांसारखी मान कलती करून म्हणाल्या, “फक्त दिसेल तेच सांग हं. नाही बघितलं तर नाही बघितलं म्हण. रिकामं पान चालेल.” तिला नक्की म्हणायचं होतं. म्हणाली नाही. वही तिने ताईंच्याच हातात परत दिली आणि “उद्या साडेआठला” एवढंच म्हणाली.

रात्री झोप लागली की नाही ते तिला कळलं नाही. उजाडायच्या आत ती उठली. रंगांची पत्र्याची डबी कपाटाच्या तळाशी होती; झाकण गंजून बसलेलं, चमच्याच्या दांडीने उचकटावं लागलं. आतला निळा सुकून त्याला भेगा पडल्या होत्या. तिने त्यावर बोटाने पाण्याचा थेंब सोडला आणि वाट पाहिली. बराच वेळ काही झालं नाही. मग कडेने जरासं सुटल्यासारखं झालं, किंवा तिला तसं वाटलं. कोरी कार्डं सापडली, वरचं पिवळं पडलेलं, खालचं ठीक. प्रमुखाला तिने निरोप लिहिला: आजपासून मी साडेनऊला येईन. कारण लिहायला घेतलं आणि खोडलं. निरोप गेला. उत्तर काय येईल ते तिला साधारण ठाऊक होतं. फोन तिने खिशात टाकला, साडेआठला ताईंना लावायचा होता म्हणून. मग न्हाणीघरात जाऊन तिने पाय धुतले. दोन्ही, घोट्यापर्यंत, टाचा घासून. आई खिडकीशी हात जोडून उभी होती. पाण्याचा आवाज ऐकून तिने एक डोळा उघडला. “पाय धुऊन कुठे निघालीस? ऑफिस काही वर नाही.” “गच्चीवर.” आईने तिच्या हातातली डबी पाहिली, ब्रश पाहिला, पाण्याची वाटी पाहिली. तिच्या तोंडावर काहीतरी आलं होतं, मुंगीबिंगीचं; पण ते तिने गिळलं. “शेवटची पायरी तुटलीय, सांभाळून,” एवढं म्हणून तिने डोळा मिटला. ती अनवाणीच बाहेर पडली. जिन्यात अंधार होता आणि वरच्या दाराच्या फटीत कसलासा उजेड होता. कुठल्या रंगाचा, ते इथून सांगता येत नव्हतं. तिने ते मनात जुळवलं नाही. पाण्याच्या वाटीवर तळहात झाकून, हिंदकळू न देता, ती एकेक पायरी चढू लागली.